"पालक उदासीन" हा शेरा लिहिणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना एका आईचं खुलं पत्र

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जे कुणी शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आहेत त्या सगळ्यांना हे पत्र लिहितेय. कुणा एकाचं नाव घेऊन भांडण करायचं नाहीये मला, आणि माझ्या शाळेचं नावही सांगणार नाही कारण लेकरू अजून तिथंच शिकतंय आणि तिथले गुरुजी माणूस म्हणून चांगले आहेत. पण एक गोष्ट दोन वर्षं झाली मनात घेऊन बसलेय, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात राहते. शिलाईचं काम करते, मालक दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर आहेत, तीन एकर कोरडवाहू आहे त्यात सोयाबीन घेतो. थोरली मुलगी नववीला आणि धाकटा मुलगा 11 वर्षांचा, पाचवीला. त्याला ऑटिझम आहे म्हणजे स्वमग्नता, आणि सोबत बौद्धिक दिव्यांगत्व पण आहे. शब्द मोजकेच बोलतो, पाणी, भाकर, ताई, चल, आणि बसचा आवाज अगदी हुबेहूब काढतो.

तर दोन वर्षांपूर्वी आधारकार्डाची झेरॉक्स द्यायला शाळेत गेले होते. सर फोन आला म्हणून बाहेर गेले आणि टेबलावर रजिस्टर उघडंच होतं, विशेष गरजा असणाऱ्या लेकरांचं. मुद्दाम नाही बघितलं पण आपल्या लेकराचं नाव दिसलं की नजर जातेच. नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्केवारी, आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते. पालक उदासीन.

मी झेरॉक्स ठेवली आणि घरी आले. मशीनवर बसले पण दिवसभर सुईत दोरा ओवता आला नाही.

त्या वर्षी मी लेकराला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी 14 वेळा गेले होते. मोजलेत, कारण तिकिटं मी डब्यात ठेवते, कधी कुणी मागितली तर असावीत म्हणून. एक फेरी कशी असते ते सांगते म्हणजे तो शेरा का लागला ते कळेल. सकाळी 6 ची पहिली गाडी, ती चुकली की दिवस गेला. लेकराला गर्दी सहन होत नाही, हॉर्न वाजला की कानावर हात ठेवून खाली बसतो, मग मी पण त्याच्याबरोबर गाडीच्या फळीवर खाली बसते. कुणीतरी म्हणतंच, काय वळण लावलंय की नाही पोराला. पहिल्या पहिल्यांदा मी सगळ्यांना समजावून सांगायचे, आता नुसतं त्याच्या पाठीवर हात ठेवून बसते. अडीच तासांनी उतरायचं, दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, आणि साडेबारा वाजता कळायचं की आयक्यू बघणाऱ्या मॅडम आज नाहीत, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी आलं तर दिव्यांग सर्टिफिकेटसाठी बसणारं डॉक्टरांचं बोर्ड नाही. त्याच्या पुढच्या वेळी सगळे होते पण नेमकं लेकरू बिथरलं, खोलीत पायच ठेवीना, मग "शांत झाल्यावर घेऊन या" म्हणून तारीख दिली. मालकाचा रोज बुडाला, माझं ब्लाउजचं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली आठवड्यातून तीनदा थेरपी आम्ही थोड्याच दिवसांत बंद केली कारण आठवड्यातून तीनदा जाऊन येऊन खायचं काय हा प्रश्न होता. मग तिथल्या फायलीवर लिहिलं गेलं असणार की पालक येत नाहीत, आणि शाळेच्या रजिस्टरला उदासीन.

साहेब, मला एवढंच सांगायचंय की आम्ही उदासीन नाही. आम्हाला कुणी हाताला धरून काही शिकवलं नाही. लेकरू शाळेत पाच तास असतं, बाकीचे एकोणीस तास ते आमच्यापाशी असतं, आणि त्या एकोणीस तासांत काय करायचं हे सांगायला तुमच्या यंत्रणेत एकसुद्धा ठरलेली जागा नाही, ठरलेला दिवस नाही, ठरलेला माणूस नाही. म्हणून मी एकच मागणी करतेय, खाली सविस्तर सांगते. दर महिन्याला एक दिवस, तालुक्याच्या गट साधन केंद्रात म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रात, फक्त आमच्यासारख्या आईबापांसाठी.

ही कल्पना मला कुठून सुचली ते ऐका.

सर्टिफिकेटच्या शिबिरात रांगेत माझ्या पुढं एक बाई होती, जालन्याकडची, लेकीला घेऊन आलेली, तिची लेक माझ्या मुलापेक्षा मोठी, 15-16 वर्षांची असेल. आम्ही दीडेक तास रांगेत होतो. तिने बघितलं की माझा मुलगा शर्टाचं बटण तोंडात घालतोय आणि विचारलं, त्याला बटणं लावता येतात का. मी म्हणलं नाही ताई, खूप वेळा शिकवलं, पहिलं बटण लावायला लागलं की चिडतो, शर्ट ओढून फाडतो. ती म्हणाली पहिल्यापासून नका शिकवू, शेवटापासून शिकवा. म्हणजे कसं, तर सगळी बटणं तुम्ही लावा, सगळ्यात खालचं एकच ठेवा, ते पण अर्धं काजातून बाहेर काढून ठेवा, आणि त्याने फक्त ओढायचं. ओढलं की शर्ट झाला, शाबास, चल बाहेर. काम त्याच्या हातून पुरं होतं ना, म्हणून लेकरू चिडत नाही. ते जमलं की मग काजात ढकलायचं पण त्याच्याकडं द्यायचं, मग त्याच्या वरचं बटण, मग त्याच्या वरचं.

मी शिलाईवाली बाई, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं पण नाही सुचलं. घरी आले आणि मालकाचा एक जुना शर्ट घेतला, त्याची बारकी बटणं काढून कोटाची मोठी चार भोकांची बटणं लावली, काजं उसवून मोठी केली आणि कडेनं पुन्हा घट्ट टाके घातले. रोज आंघोळीनंतर तेच. जुलैत सुरू केलं, पोळ्यापर्यंत तो खालचं बटण ओढायला लागला, नवरात्रात दोन बटणं झाली. दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी चुलीपाशी होते आणि हा शर्ट घालून दारात येऊन उभा राहिला, पाचही बटणं लावलेली, फक्त एक काज चुकल्यामुळं शर्ट एका बाजूला वर गेला होता. मालक गाडी पुसत होते ते तसेच ओला फडका हातात घेऊन आले. आमच्या घरात त्या दिवशी जी दिवाळी झाली ती कशी सांगू.

नंतर विशेष शिक्षकांना, म्हणजे दिव्यांग लेकरांना शिकवणाऱ्या सरांना, विचारलं तेव्हा ते म्हणाले ही पद्धत बरोबर आहे, कामाचे बारके बारके टप्पे पाडायचे आणि शेवटच्या टप्प्यापासून मागं मागं यायचं, ट्रेनिंगमध्ये शिकवतात. म्हणजे तुमच्या लोकांना हे माहीत आहे. माझ्यापर्यंत मात्र ते रांगेत उभ्या असलेल्या एका बाईकडून आलं, ती मला परत कधी भेटली नाही, तिचा नंबर पण मी घेतला नाही त्या गडबडीत. तिने अजून एक सांगितलं होतं, निरामय विमा काढलाय का. मी ते नावच पहिल्यांदा ऐकत होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांग लेकरांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्च पण बसतो. लेकरू 8 वर्षांचं झालं तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तोपर्यंतची थेरपी आम्ही सोनं मोडून केली होती.

असं बरंच काही आहे जे कागदावर आहे आणि आमच्यापर्यंत येत नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, 40 टक्के किंवा जास्त असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तरीपण पहिलीला नाव घालताना मला तोंडावर सांगितलं गेलं होतं की याला विशेष शाळेत टाका, इथं बाकीच्या पोरांचं नुकसान होतं. विशेष शाळा कुठं तर 70 किलोमीटरवर, निवासी, आणि सहा वर्षांचं न बोलणारं लेकरू मी तिथं कुणाच्या भरवशावर ठेवू. दुसऱ्या एका आईला सांगितलं की घरीच ठेवा, घरी येऊन शिकवू. गृहाधारित शिक्षण हा बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या लेकरांसाठी 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आलेला पर्याय आहे, आणि तो निवडायचा हक्क लेकराचा आणि आईबापाचा आहे. शाळेला जमत नाही म्हणून लेकराला घरी बसवायचं असा त्याचा अर्थ होत नाही, पण त्या माऊलीला हे कुठून कळणार, तिने मान डोलावली आणि लेकराला घेऊन गेली.

समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेत प्रवास भत्ता आहे, मदतनीस भत्ता आहे, दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये प्रमाणे 10 महिने प्रोत्साहन भत्ता आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. एसटीत लेकराला तिकिटात 75 टक्के सवलत आहे, आणि 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालंय त्याचा तर आमच्यासारख्यांना खरंच खूप आधार झाला. हे सगळं मला कळलं ते कसं, काही अंगणवाडीताईकडून, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही सेतूवाल्या पोराकडून. एका ठिकाणी बसून कुणी नीट सांगितलंय असं एकदाही झालं नाही. ज्या बाईकडं स्मार्टफोन नाही, जिला वाचता येत नाही, तिने काय करायचं.

अंगणवाडीताईचं मात्र नाव काढलंच पाहिजे. पहिली शंका तिला आली. लेकरू अडीच वर्षांचं होतं, हाक मारली तर बघायचं नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासतासभर फिरवत बसायचं. ती म्हणाली वहिनी, तपासणीची गाडी येणार आहे तेव्हा याला नक्की आणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांनी बघितलं आणि जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. म्हणजे सुरुवात वेळेवर झाली होती. तिथून पुढची वाट आम्हाला एकट्याने काढावी लागली.

एकट्याने म्हणजे खरंच एकट्याने. सासूबाई म्हणाल्या ग्रहणात भाजी चिरली असशील. चुलत जाऊ म्हणाली मोबाईल बघत होतीस म्हणून झालं. तुळजापूरला खेटे घातले, परळीला जाऊन आलो, एकाने अंगारा दिला, एकाने ताईत बांधला. मी कुणाच्या श्रद्धेला बोलत नाही, मी स्वतः आई भवानीला दर वर्षी जाते. पण चार वर्षं मी मनात धरून होते की माझंच काहीतरी चुकलं, आणि ते ओझं घेऊन लेकराला शिकवता येत नाही हो. हात उचलला जातो लेकरावर. मी मारलंय त्याला, एकदा नाही चारदा, आणि नंतर रात्रभर त्याच्या पायाला तेल लावत बसलेय. आईचा यात दोष नसतो, जन्मतःच मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झालेली असते, हे एक वाक्य जर कुणी पहिल्याच दिवशी मला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं असतं तर ती चार वर्षं वाचली असती.

आणि बापांचं पण बोलते, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. आमचे मालक कुणाशी बोलत नाहीत या विषयावर. पारावर बाकीचे आपापल्या पोरांचे मार्क सांगतात, स्कॉलरशिपला बसवलंय सांगतात, हे उठून येतात. एकदाच ते मोकळं बोलले, दुसऱ्या एका ड्रायव्हरशी, त्याची पण मुलगी अशीच आहे हे त्यांना धाब्यावर योगायोगाने कळलं तेव्हा. त्या रात्री घरी आल्यावर जेवता जेवता मला म्हणाले, "त्याची पोरगी पण रात्रीची झोपत नाही म्हणे." बास एवढंच, पण असं वाटलं की ह्यांच्या छातीवरचा दगड कुणीतरी जरा सरकवला.

आता उसाचं. हे मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण आपल्या भागाचं हे दुखणं दुसऱ्या कुणाच्या योजनेत बसत नाही.

आमच्या गल्लीत एक पोरगी आहे, 8 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, पाय आत वळलेले, डावा हात मुठीत. डोक्याने हुशार आहे, सगळं समजतं, गाणी पाठ आहेत. आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, उचल आधीच घेतलेली असते म्हणजे नाही म्हणायची सोय नाही, आणि कोयता म्हणजे नवराबायको जोडीनेच जावं लागतं. मग लेकीचं काय. हंगामी वसतिगृहाची सोय आहे गावात पण तिथं तिला संडासला कोण नेणार, भरवणार कोण. आजीपाशी ठेवावं तर आजीला तिला उचलता येत नाही, आजी स्वतः काठीवर. म्हणून दोन वर्षं ती पोरगी फडावर जाते. कोपीत म्हणजे फडावरच्या झोपडीत गोधडीवर दिवसभर पडून असते, आई पहाटे 4 ला फडात गेलेली असते आणि मधे एकदा येऊन तिला पाजून, पालथी करून जाते. सहा महिने व्यायाम नाही. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा तिचे गुडघे जेवढे सरळ व्हायचे तेवढेही होत नव्हते, विशेष शिक्षकांनी वर्षभर मेहनत करून जेवढं मिळवलं होतं ते गेलं. आणि हजेरीपटावर काय, तर सतत गैरहजर.

यंदा गाडी निघायच्या आदल्या रात्री तिची आई माझ्याकडं आली होती. म्हणाली वहिनी, ते पाय ताणायचे कसे, सरांनी दाखवलेलं मी विसरले, तुम्ही बघितलं होतं ना. मी बघितलं होतं एकदा लांबून, पण मी काय फिजिओ आहे का, चुकीचं सांगितलं आणि हाड दुखावलं तर. मी तिला म्हणलं सरांना फोन लावू. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सरांनी उचलला, व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं दाखवलं, ती बाई लेकीचा पाय मांडीवर घेऊन मोजत होती एक दोन तीन, दहापर्यंत धरून ठेवायचं, सोडायचं, परत. तिला उदासीन म्हणणार का तुम्ही?

स्थलांतर करणाऱ्या लेकरांना तुम्ही शिक्षण हमी कार्ड देता, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेने त्यांना घ्यावं. त्याच कार्डाच्या मागं विशेष गरजा असणाऱ्या लेकरासाठी चार ओळी वाढवा एवढीच विनंती आहे. लेकराला काय येतं, काय लागतं, घरी रोज कोणता व्यायाम करायचा, आणि इकडच्या विशेष शिक्षकांचा फोन नंबर. कोल्हापूर सांगलीकडच्या शाळेतल्या बाईंना ते वाचून कळेल तरी की हे लेकरू कोण आहे. आणि गाड्या निघायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच, जाणाऱ्या आईबापांना बोलवून व्यायाम हाताने करून घ्या, त्यांच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून द्या. याला नवीन योजना लागत नाही, जीआर पण लागत नाही.

विशेष शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही हे स्पष्ट सांगते. आमच्याकडं जे सर येतात ते मोटारसायकलवर येतात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं तर गाडी अलीकडं लावून चालत येतात. त्यांच्याकडं किती शाळा आहेत विचारलं तर नुसते हसले. 2021 साली सुप्रीम कोर्टात शाळांमधल्या विशेष शिक्षकांचा विषय झाला, पुढं केंद्र सरकारने प्राथमिकला 10 लेकरांमागं एक आणि त्याच्या वरच्या वर्गांना 15 मागं एक असं प्रमाण ठरवलं, आपल्या राज्याने 2024 ला शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रावर विशेष शिक्षक देण्यासाठी 4860 पदांना मंजुरी दिली, कितीतरी वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम केलेल्या या माणसांना ती पदं मिळालीच पाहिजेत. पण सर महिन्यातून दोनदा येणार आणि एक तास बसणार. त्या एका तासात त्यांनी लेकराला शिकवलं तर तो एक तास झाला, आणि मला शिकवलं तर रोजचं झालं. हिशोब एवढा साधा आहे.

आता त्या दिवसाबद्दल सांगते, मी खूप विचार केलाय यावर.

दिवस आठवडी बाजाराचा ठेवा. त्या दिवशी आमची माणसं तालुक्याला येतातच, आठवड्याचा पगार होतो, रोजंदारी बुडत नाही, आणि टमटम पण भरपूर असतात. रविवार ठेवला की तुमच्या लोकांची सुट्टी जाते आणि मधल्या वारी ठेवला की आमचा रोज जातो. बाप पण त्या दिवशी येतील, बाजारात आलेच आहेत तर जाऊ घटकाभर म्हणून येतील, मी आमच्या मालकांवरून सांगते. दुपारी 12 ते 3 ठेवा, संध्याकाळच्या गाड्या मिळायला पाहिजेत.

लेकरांना सोबत आणावंच लागणार, कुणाकडं ठेवून येणार. तर एक खोली लेकरांसाठी द्या, खाली सतरंजी, दाराला कडी कारण आमची लेकरं पळतात, गेटच्या बाहेर रस्ता असतो. फॅन लई आवाज करणारा नको. आणि संडास असा पाहिजे जिथं दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आईला आत जाता येईल. तुम्हाला ह्या बारक्या गोष्टी वाटतील, पण यातल्या एकेका गोष्टीपायी मी लग्नं, बारशी, देवाचे कार्यक्रम सोडलेत.

आणि भाषणं नकोत, दीपप्रज्वलन नको, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असतील तर आधी विचारा. एका वेळी एकच गोष्ट हाताने शिकवा. या महिन्यात ताटातलं स्वतः कसं खायचं, पुढच्या महिन्यात संडासची सवय, मग बटण, मग रस्ता ओलांडणं, मग मुलगी असेल तर पाळीच्या वेळी काय करायचं. हा पाळीचा विषय किती आयांच्या काळजाला घोर लावून बसलाय ते तुम्हाला माहीत नाही, कुणी बोलत नाही म्हणून. चांगला स्पर्श वाईट स्पर्श न बोलणाऱ्या लेकराला कसं शिकवायचं ते पण. आणि उरलेला वेळ आम्हाला आमच्यात बोलू द्या. माझं शिक्षण रांगेत झालंय साहेब, तीच रांग जरा सावलीत आणि बसून असावी एवढंच मागतेय.

तहसीलमधला एक माणूस, आरोग्याचा एक माणूस तीन महिन्यांतून एकदा तरी बसवा. युडीआयडीचं म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड, संजय गांधी निराधारचा फॉर्म, निरामयचा फॉर्म तिथंच भरून द्या. ज्यांची लेकरं 17 वर्षांची झालीत त्यांना सांगा की 18 नंतर कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ती सोय आहे. जालन्याकडच्या त्या ताईने बोलता बोलता मला विचारलं होतं, आपल्यानंतर काय. मी गप्प बसले. लेकरू 11 वर्षांचं असताना हा विचार रोज रात्री येतो, तिची तर 16 ची होती. 2016 च्याच कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे, ती आपल्याकडं प्रत्यक्षात कधी येणार हे पण त्या दिवशी कुणीतरी आम्हाला समोर बसून सांगावं, हो किंवा नाही, जे असेल ते.

पैशाचं म्हणाल तर इमारत तुमची आहे, माणसं तुमची आहेत, सतरंजी आणि चहा आम्ही वर्गणी काढून करू. आणि जमत नाही असं म्हणू नका. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला आणलं होतं, आम्ही ते टीव्हीवर बघितलंय. तेव्हा ठरवलं म्हणून झालं ना.

अजून एक, आणि हे करायला तर कुणाची परवानगी पण लागत नाही. रजिस्टरमध्ये तो शेऱ्याचा रकाना आहे त्यात लिहायच्या आधी आईला किंवा बापाला एकदा विचारा की का नाही आलात. आणि जे उत्तर येईल तेच लिहा. "गाडी नव्हती." "ऊसतोडीला गेले." "दवाखान्यात मॅडम नव्हत्या." "दुसरं लेकरू तापाने आजारी." असे शेरे जेव्हा तुमच्या टेबलावर येतील तेव्हा काय करायचं ते तुम्हालाच कळेल, मी शिकवायची गरज नाही.

पहिला दिवस दसऱ्याच्या आधी ठेवा, नंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असतात. आमच्या तालुक्यात ठेवला तर मला आदल्या दिवशी कळवा, मी तो मोठ्या बटणांचा शर्ट घेऊन येते, आणि अजून चार तसलेच शर्ट शिवून ठेवलेत, ज्यांना पाहिजे त्यांनी घेऊन जावेत.

तुमची,
पाचवीतल्या एका मुलाची आई